एकाच विमानात दोन नियम: म्युनिक-नेवार्कचा उशीर आणि भरपाईचा हक्क

प्रश्न असा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तुम्ही, तुमचे यजमान आणि सहा वर्षांची मुलगी म्युनिकहून थेट नेवार्कला गेलात. तिकीट जर्मन कंपनीच्या संकेतस्थळावर काढलेलं, विमान मात्र तिच्या अमेरिकी भागीदार कंपनीचं. आई-बाबा मुंबईहून म्युनिकला आले आणि तिथून तुमच्याच विमानात बसले. त्यांचं मुंबई-म्युनिक-नेवार्क असं परतीसह एकच तिकीट. विमान साडेपाच तास उशिरा पोहोचलं. कंपनीने ‘तांत्रिक कारण, असाधारण परिस्थिती’ असं कळवून माणशी दीडशे डॉलरचं व्हाउचर देऊ केलं. पाचही जणांना प्रत्येकी ६०० युरो मिळतील का, आणि नेवार्कहून परत येताना असंच घडलं तर काय, हे तुम्हाला हवं आहे.

आधी उत्तर. तुम्हा तिघांचा दावा चांगला भक्कम दिसतो, म्हणजे १,८०० युरो. आई-बाबांना त्याच नियमाखाली काही मिळणार नाही, तुमच्या शेजारच्या सीटवर बसले असले तरी. परतीच्या प्रवासात हक्क आहे की नाही, हे विमान कुठल्या कंपनीचं यावर ठरेल. आता हे असं का, ते सांगते. मी काही वर्षं एका विमान कंपनीच्या दावे विभागात होते आणि आता जर्मनीत प्रवाशांच्या बाजूने हेच काम करते, त्यामुळे पत्राला कंपनीकडून काय उत्तर येतं आणि ते का येतं, या दोन्ही गोष्टी जवळून पाहिल्या आहेत.

युरोपीय संघाचा नियम क्रमांक २६१/२००४ हा १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. तो दोन प्रकारच्या उड्डाणांना लागतो. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं कुठलंही विमान, मग कंपनी जगातली कोणतीही असो. आणि बाहेरून युरोपीय संघात येणारं विमान, पण ते चालवणारी कंपनी युरोपीय असेल तरच. जबाबदारी प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीची. तिकीट कुणी विकलं, तिकिटावर कुणाचा क्रमांक छापला आहे, याला महत्त्व नाही. तुम्ही म्युनिकहून निघालात, त्यामुळे अमेरिकी कंपनीलाही हा नियम बांधील आहे. ‘आम्ही अमेरिकी कंपनी, आम्हाला युरोपचा कायदा लागत नाही’ असं फोनवर सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकून गप्प बसू नका. एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने युनायटेड एअरलाइन्सच्या प्रकरणात (प्रकरण क्रमांक सी-५६१/२०) हे अगदी स्पष्ट केलं. ब्रसेल्सहून नेवार्कमार्गे सॅन होजेला जाणारे प्रवासी, तिकीट लुफ्तान्सामार्फत, दोन्ही विमानं युनायटेडची, आणि उशीर झाला तो अमेरिकेतल्या अमेरिकेत, दुसऱ्या टप्प्यावर. तरीही भरपाई देय ठरली, कारण तिकीट एक होतं आणि प्रवास ब्रसेल्सहून सुरू झाला होता.

या निकालामागचं तत्त्व लक्षात ठेवा, कारण आई-बाबांचं गणित त्याच्यावरच बिघडतं. एका बुकिंगमधले सगळे टप्पे मिळून कायद्याच्या नजरेत एकच उड्डाण. पहिलं ठिकाण कुठलं आणि शेवटचं कुठलं, एवढंच बघायचं. मधलं विमानतळ गौण. युरोपातून निघणाऱ्याला हे तत्त्व तारतं. २०१८ चा बर्लिन-कासाब्लांका-अगादीरचा निकाल असाच, तिथेही उशीर मोरोक्कोतल्या टप्प्यावर होता आणि भरपाई मिळाली. पण जो मुंबईहून निघून नेवार्कला जातो, त्याचं पहिलं ठिकाणही युरोपबाहेर आणि शेवटचंही युरोपबाहेर. म्युनिकला तो फक्त विमान बदलतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये किशिनाव-व्हिएन्ना-बँकॉक अशा प्रवासाबद्दल (सी-४५१/२०) न्यायालयाने सांगितलं की दोन्ही टोकं संघाबाहेर असतील तर मधला थांबा संघात असूनही नियम २६१ लागत नाही. तिथे तर विमान कंपनीही ऑस्ट्रियाची होती, तरी उत्तर तेच.

भारतातून युरोपमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या लोकांना हा निकाल थेट लागतो. पुण्या-मुंबईहून लेकीकडे, मुलाकडे जाणारे आई-वडील बहुतेक फ्रँकफर्ट, म्युनिक, पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमवरूनच जातात, आणि ‘युरोपात उशीर झाला म्हणजे ६०० युरो’ असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. एका तिकिटावर जात असाल तर ते खरं नाही. आई-बाबांनी मुंबई-म्युनिक वेगळं आणि म्युनिक-नेवार्क वेगळं बुकिंग केलं असतं तर दुसऱ्या बुकिंगला नियम लागला असता. पण म्हणून कुणी मुद्दाम तिकिटं तोडू नयेत. तोडलेल्या तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी हात वर करते, नवं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागतं, आणि सामान मध्येच घेऊन पुन्हा द्यावं लागलं तर शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपात पाऊल टाकायला लागणाऱ्या व्हिसाचा, प्रश्न येतो. साठी-सत्तरीच्या माणसांना हा ताप देऊन मिळवायचं काय, तर उशीर झालाच तर मिळण्याची शक्यता असलेली भरपाई. एकच तिकीट बरं.

आता तुमचा दावा. भरपाईचे आकडे अंतरावर ठरलेले आहेत: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, त्यापुढे ३,५०० किलोमीटरपर्यंत ४०० आणि त्याहून लांबच्या प्रवासाला ६००, युरोपीय संघाच्या आतला प्रवास कितीही लांब असला तरी ४०० वरच थांबतो. अटलांटिक ओलांडणारा जवळजवळ प्रत्येक प्रवास ६०० च्या खान्यात येतो. तिकीट चारशे युरोंचं असो की चार हजारांचं, रक्कम तीच. माइल्स, म्हणजे विमान कंपनीकडे जमवलेले गुण, वापरून काढलेलं तिकीटही चालतं. मुलीचं तिकीट काढलेलं होतं, म्हणजे तिचेही पूर्ण ६००. कंपन्या कधीकधी मुलांचं नाव सोडून हिशोब पाठवतात, तेवढं बघा.

गंमत म्हणजे, नियमाच्या मूळ मजकुरात उशिरासाठी भरपाई लिहिलेलीच नाही. ती फक्त रद्द झालेल्या उड्डाणाला आणि जागा असून चढू न दिलेल्या प्रवाशाला होती. नोव्हेंबर २००९ मध्ये (सी-४०२/०७) न्यायालयाने म्हटलं की तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचणाऱ्याचं नुकसान उड्डाण रद्द झालेल्यासारखंच आहे, त्यालाही तीच रक्कम द्या. विमान कंपन्यांनी त्याविरुद्ध बरीच झुंज दिली, पण ऑक्टोबर २०१२ मध्ये मोठ्या पीठाने तोच निर्णय कायम ठेवला. ३,५०० किलोमीटरवरच्या प्रवासात उशीर तीन ते चार तासांमधला असेल तर कंपनी रक्कम निम्मी करू शकते, म्हणजे ३००. तुमचा साडेपाच तासांचा, त्यामुळे ती कात्री लागत नाही. जून २०२५ मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी ही मर्यादा लांबच्या प्रवासाला सहा तास आणि रक्कम ५०० युरो करावी अशी भूमिका घेतली. तुमचं उड्डाण ऑक्टोबर २०२५ चं, त्याला तीन तासांचाच नियम.

उशीर मोजायचा तो पोहोचतानाचा, निघतानाचा नाही. अटलांटिकवर या दोहोंत बराच फरक पडतो. अमेरिकेकडून युरोपकडे येताना वरच्या हवेतला पश्चिमी झोत पाठीशी असतो, आणि वैमानिक साडेतीन तास उशिरा निघून तीन तासांच्या आत पोहोचवतो असं पुष्कळदा होतं. उलट दिशेला तो झोत समोरून येतो, तिथे भरून काढायला वाव कमी. आणि पोहोचणं म्हणजे चाकं धावपट्टीला टेकणं नव्हे. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला आलेलं एक जर्मनविंग्सचं विमान १४:४० ला येणं अपेक्षित होतं. ते १७:३८ ला टेकलं आणि १७:४३ ला जागेवर उभं राहिलं. टेकण्याची वेळ धरली तर दोन तास अठ्ठावन्न मिनिटं, उभं राहिल्याची धरली तर तीन तास तीन मिनिटं. २०१४ मध्ये न्यायालयाने ठरवलं की निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळते ती वेळ धरायची. तेव्हा दार उघडताना फोनवर घड्याळाचा फोटो काढून ठेवा. तुमच्या साडेपाच तासांना ते लागणार नाही, पण ज्यांचा उशीर तीन किंवा चार तासांच्या उंबरठ्यावर असतो, त्यांचा दावा एवढ्याशा फोटोवर उभा राहतो.

आता ‘तांत्रिक कारण’. दाव्याची खरी लढाई इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

नियमानुसार कंपनीला भरपाईतून सुटायचं असेल तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि दाखवायची जबाबदारी तिची आहे. एक, कारण असाधारण होतं. दोन, शक्य ते सगळे वाजवी उपाय करूनही उशीर टळला नसता. विमानातला साधा बिघाड असाधारण नाही, हे डिसेंबर २००८ पासून ठरलेलं आहे (सी-५४९/०७). ते प्रकरण अलितालियाच्या विमानाच्या इंजिनातल्या टर्बाइनच्या दोषाचं होतं. न्यायालयाचं म्हणणं असं की यंत्र बिघडतं, ते तपासणं आणि दुरुस्त करणं हा विमान चालवण्याच्या धंद्याचाच भाग आहे. २०१५ मध्ये क्विटो ते ॲमस्टरडॅम या केएलएमच्या उड्डाणाबद्दल हेच पुन्हा सांगितलं. तिथे इंधनाचा पंप आणि एक हायड्रोमेकॅनिकल भाग निकामी झाला होता, क्विटोत सुटे भाग नव्हते, ते ॲमस्टरडॅमहून मागवावे लागले आणि प्रवासी २९ तास उशिरा पोहोचले. भागांचं आयुष्य संपलेलं नव्हतं, बिघाड अचानक आला होता. तरीही भरपाई द्यावी लागली.

मग असाधारण काय? पक्ष्याची धडक (२०१७). धावपट्टीवर पडलेल्या वस्तूने टायर फाटणं (२०१९). उत्पादकाच्या आराखड्यातलाच छुपा दोष, जो सबंध ताफ्याला लागू होतो (जून २०२४). हवाई नियंत्रणाने घातलेली बंधनं, धोक्याचं हवामान, घातपात. कंपनीच्या स्वतःच्या वैमानिकांचा किंवा कर्मचाऱ्यांचा संप यात बसत नाही (२०२१). कर्मचारी अचानक आजारी पडणं, अगदी उड्डाणाच्या दोन तास आधी सहवैमानिक मरण पावणं, हेही बसत नाही (२०२३). तो शेवटचा निकाल वाचताना मलाही कंपनीबद्दल सहानुभूती वाटली होती. पण कायदा कोणाचा दोष हे विचारत नाही, जोखीम कोणाची हे विचारतो.

कंपनीच्या आत हे कसं नोंदवलं जातं ते सांगते. प्रत्येक उशिराला दोन आकडी कोड लावायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. ४१ म्हणजे विमानातला दोष, ७५ म्हणजे बर्फ काढणं, ८१ म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची मर्यादा, ९३ म्हणजे आधीच्या फेरीचं विमान उशिरा आलं. दावे विभागात फाइल उघडली की पहिली नजर त्या कोडवर जाते, आणि बऱ्याच पत्रांतला मजकूर त्या कोडवरूनच आपोआप बनतो. लांबच्या मार्गावर ९३ वारंवार दिसतो. नेवार्कहून संध्याकाळी निघालेलं विमान सकाळी म्युनिकला येतं, साफसफाई, इंधन, जेवण भरून होतं आणि काही तासांत तेच परत जातं. आदल्या संध्याकाळी नेवार्कला वादळ झालं, तर त्याचा फटका तुम्हाला दुसऱ्या दिवशी म्युनिकच्या लख्ख उन्हात बसतो. पण ९३ हा कोड कारण सांगत नाही. आधीची फेरी का उशिरा झाली, हे पुढे विचारावंच लागतं.

आधीच्या फेरीतल्या घटनेचा आधार कंपनीला घेता येतो का? येतो, पण मोफत नाही. २०२० च्या टॅप पोर्तुगालच्या प्रकरणात (सी-७४/१९) लिस्बनहून ब्राझीलच्या फोर्तालेझाला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाने दुसऱ्याला चावा घेतला, धिंगाणा केला, त्याला उतरवायला विमान लास पाल्मासला वळवावं लागलं. त्यामुळे फोर्तालेझाहून परत येणाऱ्यांचं लिस्बनचं पुढचं विमान चुकलं आणि एक प्रवासी सुमारे २४ तास उशिरा ओस्लोला पोहोचला. न्यायालय म्हणालं की घटना असाधारण खरी, आणि सरळ संबंध असेल तर पुढच्या फेरीलाही धरता येईल. पण प्रवाशाला दुसऱ्या दिवशीच्या स्वतःच्याच विमानात बसवून मोकळं होता येणार नाही. दुसऱ्या कंपनीच्या विमानातून लवकर पोहोचवता येतं का, हे बघायलाच हवं होतं. या वाक्याचा उपयोग मी जवळजवळ प्रत्येक पत्रात करते.

तेव्हा कंपनीला लिहा: नेमका कुठला भाग बिघडला, कधी लक्षात आलं, ते विमान त्याआधी कुठून आलं, पर्यायी विमान किंवा दुसऱ्या कंपनीची जागा शोधली का. ‘तांत्रिक’ आणि ‘असाधारण’ हे दोन शब्द म्हणजे उत्तर नव्हे. स्वतःही थोडी पडताळणी करा. विमानाचा नोंदणी क्रमांक फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या नोंदीत मिळतो, त्यावरून ते आदल्या दिवशी कुठे होतं ते दिसतं. ते वेळेवर म्युनिकला आलं होतं आणि म्युनिकलाच पाच तास उभं होतं, तर बिघाड म्युनिकलाच सापडला असणार, आणि दुसरीकडची वादळं सांगायला जागा उरत नाही. जुन्या नोंदी काही दिवसांनी पैसे भरल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून पानाचा फोटो लगेच काढून ठेवावा.

व्हाउचर घेऊ नका. नियमाच्या सातव्या कलमानुसार भरपाई रोख, बँकेतून किंवा धनादेशाने द्यायची असते. व्हाउचर चालतं ते प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच. दीडशे डॉलरच्या त्या दुव्यावर ‘स्वीकारा’ दाबताना खाली बारीक अक्षरात ‘पुढील सर्व दावे सोडत आहे’ असं असू शकतं. पंधरावं कलम असे हक्क सोडून देणारे करार मोडीत काढतं, पण ते भांडत बसण्यापेक्षा न दाबलेलं बरं.

आई-बाबांकडे येते. युरोपीय नियम गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही. १९९९ चा माँट्रियल करार भारत, अमेरिका आणि जर्मनी तिन्ही देशांना लागू आहे. भारतात तो २००९ पासून अमलात आला. त्याच्या एकोणिसाव्या कलमाखाली उशिराने झालेलं प्रत्यक्ष नुकसान कंपनीने भरून द्यायचं, जोवर ती ‘वाजवी ते सगळं केलं’ असं सिद्ध करत नाही. २८ डिसेंबर २०२४ पासून वरची मर्यादा माणशी ६,३०३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे आठ हजार डॉलरच्या वर. पण ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नाही. बिल दाखवाल तेवढंच मिळेल: फुकट गेलेलं हॉटेल, रात्री नेवार्कहून करावी लागलेली टॅक्सी, चुकलेल्या देशांतर्गत विमानाचं तिकीट. मनस्तापाचे पैसे यात सहसा मिळत नाहीत. तसा काही खर्च झाला नसेल तर आई-बाबांसाठी यात फारसं नाही, हे सरळ सांगते.

खर्च झाला असेल तर मात्र त्यांच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे. कराराप्रमाणे दावा ज्या ठिकाणी लावता येतो त्यात प्रवासाचं गंतव्य ठिकाण येतं, आणि परतीच्या तिकिटात गंतव्य म्हणजे जिथून निघालात तेच ठिकाण मानलं जातं. म्हणजे मुंबई. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार आता ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्या करता येते. रक्कम लहान असेल तर आधी कंपनीला बिलांसह एक व्यवस्थित पत्र पाठवा. बिलं जोडलेली असली की निम्म्याहून अधिक काम तिथेच होतं असा माझा अनुभव आहे.

परतीचा प्रवास. नेवार्कहून म्युनिकला युरोपीय कंपनीच्या विमानाने याल तर २६१ तुम्हाला तसाच लागेल, ६०० युरोंसकट. अमेरिकी कंपनीच्या विमानाने याल तर नाही. एकाच दिवशी, एकाच मार्गावर, कोडशेअरमुळे, म्हणजे एकमेकांच्या विमानांची तिकिटं आपापल्या क्रमांकाने विकण्याच्या करारामुळे, दोन्ही विमानांवर दोन्ही कंपन्यांचे क्रमांक असतात, म्हणून तिकीट काढताना ‘विमान कोण चालवणार’ ही ओळ वाचायची. भाडं सारखं असेल तर युरोपकडे येताना मी युरोपीय कंपनीचं विमान निवडते.

अमेरिकेत उशिरासाठी रोख भरपाईचा कायदा नाही. तिथला हक्क परताव्याचा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात सहा तास किंवा अधिक उशीर झाला आणि तुम्ही जायचंच नाही असं ठरवलंत, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, क्रेडिट कार्डाने भरले असतील तर कामकाजाच्या सात दिवसांत. तरीही विमानात बसलात तर परतावा नाही. दारं लावून विमान धावपट्टीजवळ उभं ठेवलं असेल तर आंतरराष्ट्रीय उड्डाणात चार तासांच्या आत प्रवाशांना उतरायची संधी द्यावी लागते, आणि दोन तासांच्या आत खाणं-पाणी. अमेरिकेतल्या कोर्टात जाऊन युरोपीय भरपाई मागायची कल्पना सोडून द्या. २०१५ मध्ये शिकागोच्या संघीय अपील न्यायालयाने ती वाट बंद केली.

लंडनहून अमेरिकेला जात असाल तर ब्रिटनने ब्रेक्झिटनंतर तसाच नियम ठेवला आहे, लांबच्या प्रवासाला ५२० पौंड. कॅनडाचा नियम वेगळा आहे: मोठ्या कंपन्यांसाठी तीन ते सहा तासांना ४००, नऊ तासांपर्यंत ७०० आणि पुढे १,००० कॅनेडियन डॉलर, पण कारण कंपनीच्या हातातलं हवं आणि सुरक्षेसाठी आवश्यक नसावं. ही सुरक्षेची पळवाट युरोपात नाही, त्यामुळे टोरोंटोला जाणाऱ्यांनी युरोपातून निघताना उशीर झाला तर दावा युरोपीय नियमाखालीच करावा. दोन्हीकडून एकाच उशिराचे पैसे घेता येत नाहीत. मुंबईहून निघणाऱ्या विमानाला आपल्या डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम लागतात. त्यात उशिरासाठी खाणं आणि फार लांबलं तर हॉटेल आहे, रोख भरपाई नाही.

भरपाई आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विमानतळावर लोक विसरतात. ३,५०० किलोमीटरवरच्या उड्डाणाला चार तासांचा उशीर होणार असं दिसलं की खाणं-पिणं, दोन फोन किंवा ईमेल, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथवर नेणं-आणणं, हे कारण असाधारण असलं तरी द्यावंच लागतं. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद झालं तेव्हाही हे कर्तव्य संपलं नव्हतं, असं २०१३ च्या निकालात आहे. काउंटरवर कुणी नसेल तर स्वतः साधं जेवण, साधं हॉटेल घ्या, पावती ठेवा आणि नंतर मागा. दारूची बिलं कंपनी वगळते. पाच तासांपुढे गेलं तर न जाण्याचा निर्णय घेऊन पैसे परत मागता येतात.

आई-बाबांसारख्यांना मात्र म्युनिक किंवा फ्रँकफर्टला रात्र पडली तर हॉटेल मिळालं तरी शेंगेन व्हिसाशिवाय बाहेर पडता येईलच असं नाही, ट्रान्झिट भागातच खुर्चीवर रात्र जाते. रक्तदाबाची आणि मधुमेहाची दोन-तीन दिवसांची औषधं, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत हवीत, चेक-इन केलेल्या बॅगेत नव्हे. उशीर झाला तरी विमानाच्या पोटातलं सामान मधे काढून मिळत नाही. व्हीलचेअर घेतली असेल तर नव्या वेळेची नोंद त्या मदत काउंटरवर पुन्हा करून घ्यायची, कारण ती माहिती आपोआप पोहोचत नाही असं मी वारंवार पाहिलं आहे. आणि बोर्डिंग पासचं फाडलेलं अर्धुक टाकू नये. ‘तुम्ही त्या विमानात होतात याचा पुरावा काय’ असं विचारणारं पत्र येऊ शकतं, आणि फोनवरचा पास काही दिवसांनी ॲपमधून गायब होतो.

तुमच्या पुढच्या पायऱ्या अशा. पत्र विमान चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीला, तिकीट विकणाऱ्या जर्मन कंपनीला नाही; ती तुम्हाला दुसरीकडे टोलवेल आणि महिना जाईल. पत्रात उड्डाण क्रमांक, तारीख, बुकिंग क्रमांक, तिघांची नावं, ठरलेली आणि प्रत्यक्ष दार उघडल्याची वेळ, कलम ७ खाली १,८०० युरोंची मागणी, बँक खातं आणि पैसे भरायची तारीख, साधारण दोन आठवड्यांनंतरची. ती तारीख महत्त्वाची आहे: ती उलटल्यावर कंपनी थकबाकीदार ठरते आणि पुढे वकील लावावा लागला तर त्याचा खर्चही तिच्याकडून मागता येतो. आई-बाबांची नावं या पत्रात घालू नका. ‘पाचांपैकी दोघांना लागू नाही’ एवढंच उत्तर देऊन सगळी फाइल लांबवायची सोय कंपनीला मिळते.

दोन महिन्यांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर जर्मनीत लवादाकडे विनाशुल्क जाता येतं. कंपनी प्रवास आणि वाहतुकीच्या लवाद संस्थेची सदस्य असेल तर तिथे, नसेल तर बॉनच्या संघीय न्याय कार्यालयातल्या विमान वाहतुकीच्या लवादाकडे. मर्यादा ५,००० युरोंची, तुमचे १,८०० त्यात बसतात. त्यानंतर न्यायालय. म्युनिकचं विमानतळ एर्डिंगच्या न्यायालयाच्या हद्दीत येतं, आणि तिथल्या न्यायाधीशांच्या हाताखालून असे दावे सतत जातात. दावे वसूल करून देणाऱ्या खाजगी कंपन्या जिंकल्यास साधारण चौथा हिस्सा आणि त्याहून जास्त कापून घेतात. तुमची केस सरळ आहे, थेट उड्डाण, स्पष्ट वेळ. निदान पहिलं पत्र आणि लवाद स्वतः करून बघा.

जर्मनीत मुदत तीन वर्षांची, पण ती वर्ष संपल्यापासून मोजतात. ऑक्टोबर २०२५ च्या उड्डाणाचा तुमचा दावा ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत जिवंत आहे. आई-बाबांच्या माँट्रियल दाव्याला दोनच वर्षं, तीही पोहोचल्याच्या दिवसापासून, म्हणजे ऑक्टोबर २०२७ मध्ये ती संपेल आणि नंतर कुठलंही कारण चालत नाही. त्यांची बिलं असतील तर त्यांच्याकडून आत्ताच मागून घ्या.